वाकडा पडदा आणि बायकांचं दार

सिनेमाचा पडदा सपाट असावा की वाकडा, यावर आमच्या घरात दोन वर्षं भांडणं चालली. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. तुमच्या घरात थेटर असतं तर तुम्हीही यावरच भांडला असता. नव्हतं, म्हणून बांधावरून भांडलात.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या अलीकडं. लग्न ठरलं ते जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. ‘मुलाच्या घरचं थेटर आहे’ एवढं ऐकून माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी जळून खाक झाल्या. मीही मनातल्या मनात लाल गाद्यांच्या खुर्चीवर बसून, पाय लांब करून सिनेमे बघत होते. प्रत्यक्षात पाहिलं तर धान्याचं जुनं गोदाम. लांबच लांब, वर पत्रे, आत मधोमध लोखंडी खुर्च्या आणि डाव्या अंगाला कमरेएवढी विटांची भिंत. भिंतीपलीकडं लाकडी बाकडी. ती बायकांची बाजू. तिला बाहेरून वेगळं, छोटं दार. पुरुषांचं गेट समोरून, बायकांचं दार कडेनं.

थेटर चालवायचे माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मशीन चालवायचे आमचे ‘हे’. आणि बायकांच्या दारात बसायच्या सासूबाई, म्हणजे आत्या.

हे दार काय प्रकरण होतं ते बाजाराच्या दिवशी कळायचं. बेल्ह्याचा बाजार मुख्य बैलांचा. बैलाचा सौदा म्हणजे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, मग रागानं हात काढून घ्यायचा, चार पावलं चालून जायचं, परत यायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा रुमालाखाली हात घालायचा. तीन-चार तास कुठं गेले कळत नाही. टेम्पोतून बरोबर आलेल्या बायकांचा भाजी, बांगड्या, सुकट असा बाजार तासाभरात उरकायचा. मग त्यांनी उन्हात उभं कुठं राहायचं? तर आमच्या थेटरात. पुरुष येऊन सांगून जायचे, “आत्या, हिला बसवा. मी बैल बघून येतो.” एखादी बाई आपल्या नवऱ्याला सिनेमाला जाते म्हणाली असती तर तिची धडगत नव्हती. पण आत्यांपाशी थांबते म्हणाली की कुणाची ना नसे. अशा शे-दीडशे बायका दर बाजाराला दुपारचा शो बघायच्या आणि त्या सिनेमाला गेलेल्या नाहीत असंच सगळ्या तालुक्याचं मत होतं.

आत्या दारात तिकिटं फाडायच्या, पिशव्या सांभाळायच्या, कुणाची पोरं रडली तर बाहेर काढून खेळवायच्या. सौदा झाला की नवरे दारात यायचे. “आमची हाय का आत?” आत्यांना दीडशे बायका कुणाच्या कोण ते पाठ. एकदा एक जण पिऊन आला आणि बायकोला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा म्हणून दंगा करायला लागला. आत्यांनी दारात हात आडवा लावला. “शिनेमा सुटल्याबिगर बाई भाईर यायची न्हाई. जा, बैलाला पानी दाव.” तो गेला हो! धिप्पाड गडी, मान खाली घालून गेला. मी ते पाहिलं आणि थक्क झाले, कारण याच आत्यांना घरात भाजी कोणती करायची हेही मामांना विचारावं लागायचं. कधी वांगी म्हणाल्या आणि मामा म्हणाले मेथी, तर मेथी.

थोड्या वर्षांत गावोगाव केबल आली. खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या आणि मामांची झोप उडाली. तशात ते एका लग्नाला पुण्याला गेले आणि तिथल्या मोठ्या थेटरात सिनेमा बघून आले. आले ते निराळेच होऊन आले. पायातली चप्पल काढायच्या आत म्हणाले, “आपला पडदा सपाट हाय. पुण्याचा वाकडा हाय. लोकं येत न्हाईत त्याचं कारण हे.”

यांनी समजावलं. आमचे ‘हे’ बोलायचे कमी, पण मशीनमधलं त्यांना खरंच कळायचं. “दादा, तिथं हॉल रुंद आन् मशीन जवळ. कडंचं चित्र पुसट व्हतं म्हणून वाकवत्यात. आपलं थेटर बोगद्यावानी. मशीन एका शिवारात, पडदा दुसऱ्या शिवारात. कशाला वाकवायचा?”

“म्हंजे पुण्याची लोकं येडी हाईत का?”

या प्रश्नाची आमच्या भागात दोन उत्तरं निघतात, पण बापासमोर त्यातलं एकच देता येतं. हे उठून मशीनला तेल घालायला गेले.

तरी धुसफूस चालूच राहिली. जेवताना पडदा, चहाला पडदा. शेवटी निवाडा करायला शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांना आमच्या थेटरचा कायमचा फुकट पास होता, त्यामुळे सिनेमातले जाणकार तेच. त्यांनी भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर काढलं, दोन्ही हातांनी धरून वाकवलं आणि म्हणाले, “मनुष्याचा डोळा मुळात गोल आहे. गोल डोळ्याला गोल पडदा. बघा, देव कसा जवळ आल्यासारखा वाटतो.” आम्ही सगळ्यांनी बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही देव जवळ आल्यासारखा वाटला. मी बी.ए. झालेली बाई, पण मास्तरांनी कॅलेंडर धरलं होतं माझ्या नाकासमोर. आत्या कडेला तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना ना कॅलेंडर दिसलं ना देव, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

ठरलं. आळेफाट्याच्या एका वेल्डरला पाइपाची चौकट करायला सांगितली. त्यानं विचारलं, “मालक, किती वाकवू?” मामा म्हणाले, “पुण्याइतकी.” आता तो बिचारा कधी पुण्यातल्या थेटरात गेला होता? त्याचा हातखंडा एकच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकायच्या कमानी. तेवढाच बाक त्याच्या हाताला ठाऊक. त्यानं मनापासून, काही कसर न ठेवता, ट्रॉलीचा बाक आमच्या पडद्याला दिला. कापड चढवलं, पांढरा रंग मारला, नारळ फोडला. मामा, मास्तर, सरपंच, मी, सगळे मधोमध खुर्च्यांवर बसलो आणि यांनी मशीन सुरू केलं. कडा जरा पुसट होत्या, पण काय सुंदर दिसत होतं! मास्तर दर दोन मिनिटांनी “वा!” म्हणत होते.

आत्या त्यांच्या दारातनं म्हणाल्या, “हिकडून कुणी बगितलं का?”

खोबरं वाटायचं चाललं होतं. कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या बाजाराला बायका आल्या. अर्ध्या तासात पिंपरी पेंढारची एक बाई पोराला कडेवर घेऊन दारात आली. “आत्या, आजची हिरवीन आजारी हाय का वं?” आत्यांनी मला आत पाठवलं. मी बाकड्यावर बसले आणि तोंडात पदर कोंबला. डावीकडची कड आमच्याकडं पाठ करून उभी राहिल्यासारखी. तिथं जे माणूस येईल ते काडी. मधे आलं की माणूस. उजवीकडं सरकलं की रेडा. गाणं लागलं, हिरवीन डावीकडून काडी होऊन पळत निघाली आणि उजव्या झाडाशी पोचेस्तोवर नऊ महिन्यांची झाली. बायका हसून हसून बेजार. पण ती मजा पहिल्या दिवशीची. तिसऱ्या-चौथ्या बाजाराला त्या म्हणायला लागल्या, डोकं दुखतं बाई, मान अवघडते, त्यापरीस टेम्पोत बसलेलं बरं.

आत्यांनी घरी सांगितलं. मामा म्हणाले, “सवय न्हाई त्यांना. व्हईल सवय.”

“आवं, तुमी एकदा तिथं बसून बगा की.”

मामांनी आत्यांकडं असं पाहिलं जणू त्यांना लुगडं नेसायला सांगितलं होतं. “मी? बायकांत बसू?”

ही गंमत सांगून खरी वाटणार नाही. ज्या माणसानं ते गोदाम विकत घेतलं, ती भिंत बांधून घेतली, त्यानं सोळा-सतरा वर्षांत त्या बाकड्यांना बूड टेकलं नव्हतं. बायकांची बाजू म्हणजे बायकांची बाजू. यांनाही मी सांगून पाहिलं, की थेटर बंद असताना बसा, एक रीळ लावून ठेवा आणि बघा. हे भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

“कुणी बगितलं म्हंजे?”

“अहो, थेटर बंद आहे. कोण बघणार?”

“तरी पण.”

आता या ‘तरी पण’ला काय करायचं? मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, “तत्त्वतः चूक संभवत नाही.”

बायका कमी होत गेल्या. शंभर, मग साठ, मग वीस-पंचवीस. मामांनी निदान केलं, केबल. केबलनं बायका पळवल्या. आणि एक दिवस जेवताना सरळ म्हणाले, “ती बायकांची बाजू आता कामाची न्हाई. खताच्या गोण्या ठेवायला भाड्यानं मागत्यात. देऊन टाकू. तुलाबी आराम व्हईल.”

शेवटचं वाक्य आत्यांना होतं. आत्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुपारी भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, “पोरी, मला नको गं आराम. त्या दारात बसते म्हणून मी चार माणसांत हाय. दार गेलं की मी चुलीपुढची म्हातारी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हणाले, “आत्या, आपण काहीतरी करू.” असं म्हणून मी काहीच केलं नाही. जे केलं ते त्यांनी केलं.

नवा, गाजलेला सिनेमा लागला होता. बाजाराचा दिवस, केबल असो नसो पुरुषांची झुंबड. आमच्याकडं पद्धत अशी की बायकांचं दार पुरुषांच्या गेटाच्या आधी उघडायचं, म्हणजे धक्काबुक्की नको. त्या दिवशी आत्यांनी बाजारात निरोप पाठवून जुन्या सगळ्या बायका बोलावून घेतल्या होत्या. दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, “आज मधी बसा गं. भितीच्या पल्याड. खुर्च्यांवर.”

“आत्या, बाप्ये काय म्हंतील?”

“मी हाय ना.”

दहा मिनिटांनी गेट उघडलं तर मधल्या खुर्च्यांवर बायका, पोरं, पिशव्या, मेथीच्या जुड्या. बाप्ये दारातच थिजले. बायकांना ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही, कारण त्यात कुणाची बहीण, कुणाची भावजय, कुणाची सासू. शेजारी बसायची तर सोयच नाही. उरली कोणती जागा? डावीकडची बाकडी. टोप्या सावरत सगळे भिंतीपलीकडं जाऊन बसले. ड्रॉइंगचे मास्तर पास घेऊन उशिरा आले, त्यांना अगदी कडेचं बाकडं मिळालं.

पंधरा मिनिटं झाली असतील. पहिली शिट्टी. मग दुसरी. मग आरडाओरडा. “ए, पडदा सरळ करा!” “मालक, ह्यो हिरो हाय का शेवग्याची शेंग?” “राव, ह्याला काय थेटर म्हंत्यात व्हय?” बायका मधल्या खुर्च्यांवर निवांत. त्यांना सगळं छान दिसत होतं. एकीनं भिंतीकडं वळून सांगितलंसुद्धा, “व्हईल सवय, भाऊ.” आई गं, मला असं वाटलं की तिथंच तिचे पाय धरावेत.

मामा धावत आले. चार जणांनी त्यांना दंडाला धरून बाकड्यावर बसवलं, मास्तरांच्या शेजारी. मामांनी पाच मिनिटं पडदा बघितला. मग हळूच म्हणाले, “आयला.” मास्तर चष्मा पुसत होते.

बायका वर्षभर सांगत होत्या. बाप्ये एक शो बसले आणि आठ दिवसांत त्याच वेल्डरनं पाइप कापून पडदा सरळ केला. पुन्हा नारळ. मास्तरांनी चार शब्द सांगितले, की शास्त्रीयदृष्ट्या सपाट पडदाच योग्य, कारण मनुष्याचा डोळा जरी गोल असला तरी दृष्टी सरळ असते. टाळ्या पडल्या. हार मास्तरांना. आमचे हे केबिनच्या भोकातून बघत होते, मला म्हणाले, “बरं झालं, मी वरच होतो.”

त्या संध्याकाळी घरात मामा ओशाळले होते. माझ्या डोळ्यांदेखत आत्यांना म्हणाले, “तुझं खरं व्हतं.” उभ्या जन्मात त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं असणार. आत्या लाजल्या. आणि मी? मला चेव चढला. इतके दिवस तोंडात पदर कोंबून बसले होते, आता विजय झाला तर भाषण नको का करायला? मी म्हणाले, “मामा, मग ती भिंतच पाडा की. बायकांनी कडेला का बसायचं? कुणीही कुठंही बसावं. आता ते दिवस राहिले का?”

मामांनी मांडीवर थाप मारली. “सूनबाई शिकलेली हाय. आसं पायजे. भित पाडू, सगळा हॉल मोकळा. येकच गेट, येकच माणूस तिकिटाला. झंझटच न्हाई.” मास्तर चहाला थांबले होते, तेही म्हणाले, “अत्यंत पुरोगामी विचार.” मी फुगले. खरंच सांगते, माहेरी पत्र लिहून कळवलं मी ते.

आत्यांनी एवढंच विचारलं, “आन् दार?”

“दार कशाला आता?” मामा म्हणाले. “बुजवून टाकू.”

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलंही नाही. दोन दिवसांत भिंत पडली आणि तिच्याच विटांनी गवंड्यानं दार बुजवलं. वर चुना फासला. खत ठेवायला दिलं असतं तरी ते दार उघडं राहिलं असतं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

पुढच्या बाजाराला मी हट्टानं आत्यांना नवी साडी नेसायला लावली. गेटावर मामांनी ठेवलेला नवा पोरगेला गडी तिकिटं फाडत होता. एक जण त्याला विचारत होता, “आमची हाय का आत?” आणि तो म्हणत होता, “मला काय माहीत, पावणं?” त्या दुपारी बायका आल्या त्या सात. बाकीच्या मला बाजारातच भेटल्या होत्या. म्हणाल्या, आत्या दारात न्हाईत म्हंल्यावर कुणाच्या भरवशावर बसायचं? घरधनी सोडत न्हाईत. त्या टेम्पोच्या सावलीला बसल्या होत्या. पुढं त्या सातही यायच्या बंद झाल्या आणि तीन-चार वर्षांत थेटरही. पण तो दोष केबलचा, असं मामा शेवटपर्यंत म्हणत.

तर मी आत्यांना मधोमध बसवलं. अगदी मास्तरांच्या जागेवर. इतकी वर्षं थेटरात काढून त्यांनी एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. दारातनं आवाज तेवढा ऐकलेला. पडद्यावर लख्ख उजेड पडला. माणसं माणसांएवढीच दिसत होती, डावीकडची डावीकडं, उजवीकडची उजवीकडं. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांचा हात धरला.

“दिसतंय ना आत्या, नीट?”

“दिसतंय की. समदं सरळ दिसतंय.”

थोडा वेळ त्या हात मांडीत घेऊन बसल्या. मग माझ्या कानाशी वाकून, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “बगितलं मी. आता जाऊ का मी घरी?”

मला वाटलं, कंटाळल्या असतील. वयही झालं होतं.

“जावा,” मी म्हणाले, आणि सिनेमा बघायला लागले.